डोक्याचा पंचनामा

योगशास्त्राच्या प्रशिक्षणाला माझी निवड झाली, कारण त्या दिवशी शाळेत दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मराठीच्या बाई मतदारयाद्यांच्या कामाला लावलेल्या, विज्ञानाचे सर रजेवर, आणि योगाशी ज्यांचा ओढूनताणून का होईना संबंध लावता आला असता ते क्रीडाशिक्षक कंबर धरून घरी झोपलेले. तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "खलाटे सर, तुम्हीच जा. योग दिनाला तुम्ही शवासन फार चांगलं केलं होतं." शवासनात मला झोप लागली होती आणि दोन मुलांनी हलवून उठवलं होतं, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. पण वरिष्ठांनी केलेलं कौतुक नाकारायचं नसतं, म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्या संपल्या मी इंदापूरला गेलो.

मी गणित शिकवतो. राहायला बारामतीत आणि शाळा बावड्याच्या अलीकडे एका वाडीवर. म्हणजे रोज सकाळी एसटीनं इंदापूर, आणि तिथून पुढे वडापच्या जीपमध्ये निम्मा आत, निम्मा बाहेर. एवढं करून पोचल्यावर दहावीच्या वर्गाला बीजगणित शिकवायचं, तेही रस्त्याला लागून असलेल्या खोलीत. कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वरातीला पुरेल एवढा मोठा स्पीकर लावलेला असतो. त्या गाण्यांच्या वर आवाज चढवून वर्गसमीकरणं शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझा आवाज चौकातल्या पानटपरीपर्यंत जातो असं टपरीवाला सांगतो, आणि ते तो कौतुकानं सांगतो की वैतागून, हे मी कधी विचारलेलं नाही.

इंदापूरच्या सभागृहात आम्हाला शिकवायला एक मार्गदर्शक आले होते. पांढरा झब्बा, तेजस्वी चेहरा, आणि बोलणं इतकं हळू की पहिल्या रांगेतले शिक्षकसुद्धा माना पुढे काढून बसलेले. त्यांचं म्हणणं असं की मूल शिकत नाही, ते पुस्तकामुळे नाही आणि शिक्षकामुळेही नाही. इथं आम्ही टाळ्या वाजवल्या. अडथळा असतो मुलाच्या चित्तात. योगशास्त्रानं असे नऊ अडथळे सांगितलेत, त्यांना अंतराय म्हणतात. व्याधी म्हणजे आजारपण. स्त्यान म्हणजे मन जड होणं, बुद्धी असून ती जागची न हलणं. मग संशय. प्रमाद म्हणजे बेफिकिरी. आलस्य तर आलस्यच. अविरती म्हणजे सुखाच्या गोष्टीतून मन न सुटणं. भ्रांतिदर्शन म्हणजे भलतंच खरं मानून बसणं. अलब्धभूमिकत्व म्हणजे कितीही धडपड करून पुढची पायरीच न सापडणं, आणि अनवस्थितत्व म्हणजे सापडलेल्या पायरीवर टिकता न येणं. खरं सांगतो, मी भारावून गेलो. ज्या पोरांना मी इतकी वर्षं सरसकट 'गाढवा' म्हणत आलो, त्यांची इतकी बारीक वर्गवारी आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती, आणि बी.एड.ला आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग प्रत्येक मुलाचा अडथळा नोंदवायचे तक्ते वाटले. त्यात अडथळ्यांचे रकाने आठच होते. गणिताचा माणूस म्हणून मी उभा राहून विचारलं, "सर, नववा कुठाय?"

मार्गदर्शक मंद हसले. "व्याधी वगळली आहे. शरीराचा विषय आरोग्य खात्याचा. आपण शिक्षण खातं. आपण मनाचंच पाहायचं. आणि सर, तुमचा आवाज."

"काय झालं आवाजाला?"

"हा आघात आहे. मुलाच्या चित्तावर. शिक्षकाचा आवाज सात्त्विक हवा. श्वास सोडता सोडता बोलावं, फुलावर फुलपाखरू बसल्यासारखं."

सगळं सभागृह माझ्याकडे वळून पाहत होतं. त्याच क्षणी मी ठरवलं की यापुढे आपण सात्त्विक बोलायचं. मोठ्या अपमानातून माणसं मोठी होतात म्हणतात, मी मोठा होण्याऐवजी हळू झालो.

सुरुवात घरापासून केली. जेवताना मी श्वास सोडत म्हटलं, "दिपाली, भाजी छान झाली आहे." बायकोनं ताट खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. मी पुन्हा तितक्याच मृदू आवाजात म्हटलं की मला काही झालेलं नाही, तर ती वरच्या मजल्यावरच्या विजयसिंहरावांना बोलावून घेऊन आली. विजयसिंहराव कालवा खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सगळ्या सोसायटीची प्रकृती तेच पाहतात. त्यांनी माझी जीभ बाहेर काढायला लावली, डोळे पाहिले, आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "खलाटे, खरं सांगा. कुठं कर्जबिर्ज काढलंय का? माणूस असा एकदम हळू बोलायला लागला की दोनच कारणं असतात." दुसरं कारण त्यांनी दिपालीसमोर सांगितलं नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला, ते तिनं पाहिलं.

शाळेत मात्र मी कामाला लागलो. खिडक्या बंद केल्या. मुलांचं आठवडाभर निरीक्षण केलं आणि अडथळ्यांप्रमाणे त्यांची बसायची जागा बदलली. पुढे संशयवाले, म्हणजे त्यांच्या शंका लगेच फिटतील. मधे प्रमाद आणि आलस्य. भिंतीकडे अविरती, म्हणजे रस्त्यावरचं गाणं ऐकून ते डोलणार नाहीत. आणि जड झालेल्या मनाला हवा लागावी म्हणून स्त्यानवाले अगदी मागे, कोपऱ्यात, जिथं एक खिडकी बंदच होत नाही.

त्या कोपऱ्यात मी संस्कृतीला बसवली. कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीवरच्या सोनबा हाक्यांची ही नात. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती, आता थोडा ऊस आहे आणि चार शेरडं. पोरगी गणितात माझी हुकमी. दुसऱ्या बाकावर बसायची आणि मी शिकवत असताना माझ्या तोंडाकडे अशी टक लावून बघायची की मला स्वतःबद्दल आदर वाटायचा. बारामतीला अकरावी सायन्सला जायचं, हे तिनं आठवीतच ठरवलं होतं. वस्तीवरची एकही मुलगी त्याआधी बारामतीला शिकायला गेली नव्हती. सोनबा आबांनी शाळेत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "गनितात चांगलं मार्क पडलं तर बारामतीला धाडीन. न्हायतर वस्ती काय वाईट न्हाय."

तर ही संस्कृती दिवाळीनंतर अचानक मंद झाली. मी मृदू आवाजात प्रश्न विचारावा आणि तिनं शेजारणीच्या तोंडाकडे बघावं. फळ्यावरचं बरोबर उतरवायची, पण मी तोंडी सांगितलेलं एक अक्षर वहीत नसायचं. मी तक्ता काढला. बुद्धी आहे, पण हलत नाही. हे तर सरळसरळ स्त्यान. इतकं नेमकं उदाहरण मिळाल्याचा मला, कबूल करतो, थोडा आनंदच झाला.

मागे नेल्यावर ती आणखी बिघडली. मी आणखी मृदू झालो.

दरम्यान गावाला खबर लागली. वरून आलेल्या पत्रकात शेवटी एक ओळ होती, 'अडथळाग्रस्त विद्यार्थ्यांबाबत सवलतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' कुणीतरी तिचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. सकाळी ती ओळ होती, दुपारपर्यंत ती 'अडथळ्याला वीस मार्क' झाली. दुसऱ्या दिवशी मी वडापमधून उतरलो तर शाळेच्या फाटकात ही गर्दी.

आता आमच्या भागातल्या माणसाला सरकारी पाहणी म्हणजे काय ते नेमकं ठाऊक असतं. गारपीट झाली की तलाठी येतो, बांधावर उभा राहून पंचनामा करतो, आणि त्यात नुकसान पुरेसं लागलं तरच आपलं नाव बसतं. नाव राहिलं की संपलं. हा मास्तर पोरांच्या डोक्याचा पंचनामा करतोय, तर त्यात आपल्या पोराचं नुकसान भरपूर लागलं पाहिजे, इतका साधा हिशोब होता. त्यात कुणाला काही लाजिरवाणं वाटत नव्हतं. गारांनी बाग झोडपली तर त्यात लाजायचं काय?

शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव सगळ्यांत पुढे. त्यांचा युवराज मोबाईलमुळे अविरतीत गेला होता.

"सर, त्या अविरतीला किती टक्के धरत्यात?"

मी श्वास सोडत म्हटलं, "त्याला टक्के नसतात, सर्जेराव."

"आसं कसं? माज्या डाळिंबाला तेहतीस टक्क्याच्या वर धरलं तवा कुठं नाव बसलं. जरा सढळ हातानं लिवा की. आन ह्यो पोरगा आळशी बी हाय, त्ये बी घाला. त्याच्या आयला इचारा."

मग भावकीतले वाद सुरू झाले. "त्येंच्या पोराला दोन अडथळं आन आमच्याला येकच? आमी काय गावाबाहीरचं हाय?" ठमाबाई नावाच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू लोणी भापकरला मामाकडे शिकत होता, आमच्या शाळेत नव्हताच. "आसूंदे की," ठमाबाई म्हणाल्या, "मूळचा हितलाच हाय." वर्गात पहिली येणारी श्रेया आपल्याला एकही अडथळा नाही म्हणून रडून रडून तापली. तिचे वडील म्हणाले, "माज्या पोरीनं काय घोडं मारलंय?" शेवटी मी तिला संशय दिला. आपलं नाव राहून जाईल असा तिला संशय होता, म्हणजे ते खोटंही नव्हतं.

हे सगळं मी सात्त्विक आवाजात निभावत होतो, त्यामुळे कुणालाच काही ऐकू जात नव्हतं आणि गर्दी आणखी जवळ येत होती. माझ्या सदऱ्याचा खिसा फाटला. तक्त्यात नाव बसलं की नाही ते दिसत नाही म्हणून लोकांनी दाखले मागितले, शाळेच्या कागदावर, गोल शिक्क्यासह. मी मुख्याध्यापकांकडे धावलो. ते खिडकीतून गर्दी पाहत म्हणाले, "देऊन टाका हो. दाखल्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

मी देऊन टाकले.

सोनबा आबा सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी दाखला वाचून दाखवायला सांगितला. 'सदर विद्यार्थिनीस स्त्यान हा अडथळा असल्याचे आढळून आले आहे.'

"मंजी काय सर?"

"काही नाही आबा. मन जरा जड झालंय."

"डोकं जड हाय म्हना की."

"डोकं नव्हे हो. मन."

"त्येच की," आबा म्हणाले आणि कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरून घेऊन गेले. बाकीच्यांना त्यात वीस मार्क दिसत होते. आबांना त्यात त्यांची नात दिसली. मला ते तेव्हा कळायला हवं होतं, पण मागून कुणीतरी माझा दुसरा खिसा ओढत होतं.

सराव परीक्षेत संस्कृती गणितात नापास झाली. तोंडी गणितात तर तिला भोपळाच मिळाला. मी पेपर तीनदा तपासला, दोनदा मार्क वाढवता येतात का ते पाहिलं, नाही वाढले. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर वडाप न पकडता मी कॅनॉल ओलांडून त्यांच्या वस्तीवर गेलो.

वस्तीवर कुणी कुणाशी बोलत नाही, हाळी देतं. घरं लांब लांब, मधे ऊस. आजी भागूबाई चुलीपाशी बसून पार शेताच्या टोकाला असलेल्या संस्कृतीला हाक मारत होत्या, आणि ती तिथून उत्तर देत होती. दोघी घरातल्या घरात आल्या तरी त्यांचा आवाज उतरला नाही. भिंतीवर बिरोबाची तसबीर होती, आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, माझा दाखला. लॅमिनेशन करून, हार घालून.

"बावड्यास्नं करून आनला," आबा म्हणाले. "आमच्या घरात आजवर सरकारनं कुनाबद्दल काय लिवून दिलं न्हवतं. आता लिवलंय तर मानाय पायजे. तिला बारामतीला न्हाय धाडत मी, सर. डोकं जड आसल्यावर पोरीला कशाला तरास द्यायचा?"

हे ते रागावून म्हणाले असते तर मी भांडलो असतो. ते मायेनं म्हणाले.

मी अंगणात बसलो, संस्कृतीला जवळ बोलावलं आणि वही उघडली. श्वास सोडत, फुलावर फुलपाखरू बसवत, तिला समीकरण समजावू लागलो. ती माझ्या ओठांकडे पाहत होती. मी वहीत मान घालून बोलत होतो. "कळलं?" तिनं मान हलवली आणि साफ चुकीचं उत्तर लिहिलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा चूक. तेवढ्यात त्यांचं कुत्रं शेरडांमागून सुटलं आणि सरळ माझ्या पोटरीवर आलं.

त्यानंतरची दोन मिनिटं माझं योगशास्त्र कुठं होतं ते मला सांगता येणार नाही. मी ओट्यावर चढलो होतो, धोतर असतं तर सुटलं असतं, आणि जुन्या, रस्त्यावरच्या आवाजात ओरडत होतो, "हाड! हाड! अरे धरा त्याला!" आणि त्याच भरात, त्याच आवाजात, "आणि तू काय बघतेस? दोन्ही बाजूंना तीननं भाग की आधी!"

संस्कृतीनं खाली बसून तीननं भागलं. पुढची पायरी केली. उत्तर आलं.

मी ओट्यावर तसाच उभा राहिलो. मग हळू आवाजात दुसरं गणित सांगितलं. ती नुसती बघत राहिली. तेच गणित मी ओरडून सांगितलं. कुत्रं पळालं आणि तिनं उत्तर दिलं.

"सर," ती हसून म्हणाली, "लई दिसांनी तुमचं ऐकाय आलं."

"मग आधी सांगायचं नाही का, की ऐकू येत नाही म्हणून?"

"कागदावर लिवलं हुतं की, डोकं जड झालंय. मला वाटलं, आसंच व्हत आसंल."

भागूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "आमच्यात समदीच वरडून बोलत्यात. कुनाला कळावं?"

मला त्या ओट्यावरून उतरायचं धैर्य होईना. कुत्र्याची भीती आता नव्हती. नऊ अडथळ्यांतला पहिलाच व्याधी, आणि तो मी दुसऱ्या खात्याचा म्हणून वगळला होता. उरलेल्या आठांत मी एका कमी ऐकू येणाऱ्या मुलीला शोधत बसलो, आणि ते करता करता तिला दिसेनासं, ऐकू येईनासं होईल इतक्या लांब नेऊन बसवली. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की लहानपणी कान वाहून वाहून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, यंत्र बसवावं लागेल. सरकारी शिबिरात मिळेल म्हणाले. शिबिर निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे पुढे गेलं. आचारसंहिता संपल्यावर यंत्रं आली, पण ती वाटायला जे यायचे होते ते निवडून आल्याच्या सत्कारात अडकले.

तोवर निदान दाखला रद्द करावा म्हणून मी इंदापूरच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. "खलाटे सर! अडथळ्यांमध्ये तुमची शाळा तालुक्यात पहिली आहे. अभिनंदन."

मी म्हटलं, एक कमी करायचा आहे. त्यांनी संगणकात पाहिलं. अडथळा वाढवायची सोय होती, कमी करायची नव्हती. त्यासाठी निवारण अहवाल लागतो आणि त्याचा नमुना अजून वरून आलेला नाही. मग निदान स्त्यान खोडून व्याधी लिहा, म्हटलं. ती आरोग्य खात्याकडे. मी आरोग्य खात्यात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "अंतराय? ते तुमचं शिक्षणाचं बघा." शास्त्रात म्हटलंय की अडथळ्यांसोबत त्यांचे सोबतीही येतात, दुःख येतं, मन खट्टू होतं, अंग थरथरतं आणि श्वास सैरावैरा होतो. त्या दोन इमारतींमधलं अंगण ओलांडताना चारही माझ्याबरोबर होते.

रिकाम्या हातानं मी पुन्हा वस्तीवर गेलो. आबांना सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं. कान आहे आबा, डोकं नव्हे. पोरगी हुशार आहे.

आबांनी ऐकून घेतलं. "कानाचं खरं आसंल. डाक्टरनं सांगितलंय. पर डोक्याचं बी खरंच की. त्याच्यावर शिक्का हाय, सर. तुमच्या बोलन्यावर कुठं हाय?"

शेवटी इतकंच ठरलं की परीक्षा होऊ दे, मार्क बघू, मग बोलू.

परीक्षेपर्यंत मी वर्गाच्या खिडक्या उघडल्या, संस्कृतीला पहिल्या बाकावर घेतली आणि घसा फाडून शिकवलं. पानटपरीवाला मुद्दाम येऊन 'बरं वाटलं' म्हणून गेला. मुख्याध्यापकांनी 'आपला आवाज असात्त्विक असल्याचे निदर्शनास आले आहे' असा खुलासा मागणारं पत्र दिलं, कारण त्यांचा अडथळे-निर्मूलनाबद्दल सत्कार व्हायचा होता. घरी दिपालीनं मला ओरडताना ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला, आणि विजयसिंहरावांनी 'मी म्हटलं नव्हतं, सोडली की बरं होतं' असं जिन्यात चारचौघांना सांगितलं.

मे महिन्यात निकाल लागला. संस्कृतीला गणितात अठ्ठ्याहत्तर. मी बसल्या जागी रडलो. दुसऱ्या दिवशी सोनबा आबा पेढे घेऊन बारामतीला माझ्या घरी आले.

"कागदाचा गुन आला बघा सर!"

"कागदाचा?"

"मंग? ईस मार्क त्येचंच की. कागद नसता तर कुठनं आलं आसतं?"

मी जीव तोडून सांगितलं की कुणालाही एकसुद्धा मार्क मिळालेला नाही. तो नियमच कधी झाला नाही. आबा समजुतीनं हसले. सगळ्या गावाचं तेच मत होतं. पास झालेल्यांना अडथळ्यानं तारलं होतं आणि नापास झालेल्यांचा अडथळा हलका पडला होता. सर्जेरावांनी तर धाकट्यासाठी पुढच्या वर्षीचे तीन अडथळे आत्ताच सांगून ठेवले.

पण आबा शब्दाला जागले. मार्क पडले म्हणजे पडले. जूनमध्ये ते तिला घेऊन बारामतीच्या स्टँडवर उतरले, मी न्यायला गेलो होतो. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, आणि आबांच्या काखेत तो लॅमिनेशन केलेला दाखला. "ह्यो आधी कालिजात दावायचा," त्यांनी मला बजावलं, "मंजी तितल्या मास्तरास्नी पयल्या दिवशीच कळंल, पोरीचं डोकं जड हाय म्हनून. लई तान द्यायचा न्हाय." कानाचं यंत्र अजून आलेलं नव्हतं. डोक्याचा दाखला मात्र कॉलेजच्या दारापर्यंत पोचला होता, हार काढून.

आबा माघारी जायच्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेले. संस्कृती माझ्याजवळ सरकली.

"सर, येक इचारू? त्या अठ्ठ्याहत्तरातलं माजं किती?"

म्हणजे सगळा उन्हाळा ही पोरगी वजाबाकी करत बसली होती. माझ्या सहीच्या कागदानं तिला ती शिकवली होती. मी म्हटलं, "सगळे." पण तोंड लपवायला मी मान खाली घातली होती. फलाटावर फलटणच्या गाडीची घोषणा चालू होती.

"काय म्हनला, सर?"

मी मान वर केली. आणि आयुष्यात कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं, बारामतीच्या भरल्या स्टँडवर, ओरडलो, "सगळे! सगळे तुझे हायत!"

कंडक्टरांनी वळून पाहिलं. पुण्याच्या रांगेत नेमके विजयसिंहराव उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला. खिडकीपाशी आबा दचकून वळले आणि तिथूनच त्यांनी हाळी दिली, "आन कागदाचं किती?"

"एकबी न्हाय!"

आबा आमच्याजवळ आले, काखेतला दाखला काढून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. त्यांच्या मनातून शिक्का पुसला गेला की नाही, मला माहीत नाही, मला वाटतं नाही. संस्कृतीनं तो त्यांच्या हातातून घेतला. फाडायचा प्रयत्न केला, पण लॅमिनेशन केलेला कागद फाटत नाही. मग तिनं तो उलटा करून बाकड्यावर ठेवला आणि त्याच्यावर बसली.

बाकडं ओलं होतं.